शब्दांची गावं

डबे एकोणचाळीस होते. सगळे ऑइलपेंटचे, रिकामे, घासूनपुसून ठेवलेले. एक लिटरचे बावीस, अर्ध्या लिटरचे अकरा, चार लिटरचे सहा. भिंतीला ठोकलेल्या तीन फळ्यांवर ते ओळीनं मांडले होते आणि प्रत्येकाच्या झाकणावर मधोमध अंगठ्याएवढा रंगाचा ठिपका होता. डब्यांत चिठ्ठ्या होत्या. लग्नपत्रिका छापून उरलेल्या जाड कागदाच्या, दोन बोटं रुंद, चार बोटं लांब. हर्षालीनं पहिले दोन दिवस नुसते मोजण्यात घालवले. चिठ्ठ्या एकूण चार हजार एकशे सत्तावीस. सगळ्यात भरलेल्या डब्यात तीनशे सहा, सगळ्यात मोकळ्या डब्यात अकरा. अक्षरं पंचवीस, वीस व्यंजनं, पाच स्वर. वही एक, शंभर पानी, त्यातली ब्याण्णव पानं भरलेली. आणि ही भाषा येणारा माणूस एक.

प्रत्येक चिठ्ठीवर एकच शब्द होता. मागची बाजू कोरी. अर्थ कुठंच लिहिलेला नव्हता. हर्षालीनं तेही आपल्या वहीत नोंदवलं आणि खाली रेघ मारली.

तो एक माणूस म्हणजे जुन्नरचा नवाब पेंटर. जुन्नर, ओतूर, नारायणगाव, आळेफाटा या सगळ्या पट्ट्यात दुकानाची पाटी असो, ट्रॅक्टरचा नंबर असो नाहीतर पतसंस्थेचा फळा, ते अक्षर नवाबचं असायचं. पुढं फ्लेक्स आले आणि पाट्या रंगवणं बंद पडत गेलं, तरी काही जुनी गिऱ्हाइकं त्याला धरून होती. त्यातलाच एक ओतूरचा भिमाजी, हर्षालीचा बाप. कांदा वाहायच्या पिकअपवर नंबर टाकून घ्यायला तो २००४ च्या दिवाळीत नवाबकडं गेला होता. ब्रश फिरत होता तोवर भिमाजीला गप्प बसवेना.

"आमची पोरगी बीएस्सी झाली, बॉटनी. काय करती म्हणाल तर झाडाची पानं कागदाला चिकटवती आन खाली त्यांची इंग्लिश नावं लिव्हती. तेवढ्याला सरकारनं फर्स्ट क्लास दिला, बोला."

"मग आता?"

"आता काय? पुढच्या कॉलेजला दोन मार्कांनी नंबर हुकला. वरीसभर घरीच हाये. कांदा निवडायला बसवली तर एकेक कांदा मोजती."

नवाब हसला. मग ब्रश थांबवून म्हणाला, "मोजती? मंग पाठवा की राव माझ्याकडं. माझ्याकडं मोजायला लई हाये."

अशी हर्षाली आठवड्यातून तीनदा ओतूर-जुन्नर एसटीनं यायला लागली. भिमाजीला वाटत होतं, पोरगी पेंटरचा हिशेब लिहायला जाते.

नवाब तेव्हा सदुसष्ट वर्षांचा होता. बोलताना एखादा शब्द अडायचा, चहा घेतला की नाही ते विसरायचा. पण भाषेची गोष्ट निघाली की पाटीवरच्या अक्षरासारखा सरळ बोलायचा.

"तहरीम, माझी पोरगी, धा वर्सांची असताना जिन्यावरनं पडली," त्यानं पहिल्याच आठवड्यात सांगितलं. "कंबरेचं हाड गेलं. नऊ महिनं प्लास्टर. शहाऐंशी साल. मी तवा आण्याला शाळंचा बोर्ड रंगवायला गेल्तो. पठारावर थंडीचं वारं कसं असतं, तुला ठाव हाये? तीन दिवस शिडीवर. ओठ असे फुटले की मिटले का रगत. घरी आलो आन पाणी मागायला गेलो तर तोंडातनं आलं 'आणी'. ओठच मिटंनात! पोरगी प्लास्टरात हसाया लागली. दोन महिन्यांत पयल्यांदा हसली, बेटा."

त्याच संध्याकाळी दोघांनी एक देश काढला. झिरेत त्याचं नाव. तिथं वारा कधी पडत नाही आणि सगळ्यांचे ओठ कायम फुटलेले. म्हणून झिरेतच्या भाषेत प, फ, ब, भ, म नाहीत. व सुद्धा नाही. ओठ मिटून उच्चारायचं किंवा ओठाला दात लावायचं एकही अक्षर नाही. लिपी नवाबनं केली. आठ नंबरच्या चपट्या ब्रशचा एक फटकारा म्हणजे एक अक्षर. ब्रश दुसऱ्यांदा टेकवायचा नाही, कारण वाऱ्यात कागद धरून कोण बसणार? मग तहरीमनं अंतरं आणली. वस्तू हाताशी असली तर शब्दाच्या शेवटी न, नजरेच्या टप्प्यात असली तर ल, नजरेआड असली तर द. दार म्हणजे रुक. हाताशी असलेलं दार रुकन, समोर दिसणारं रुकल, आणि जे दार इथून दिसत नाही ते रुकद.

हर्षाली भराभर लिहून घेत होती. तिला वाटलं होतं, म्हाताऱ्याचा काहीतरी छंद असेल, पन्नासेक गमतीचे शब्द असतील. इथं तर कारण होतं, नियम होता आणि नियमाला अपवादसुद्धा होते.

"आणि हे डबे?" तिनं विचारलं.

"ती गावं. झिरेतची." नवाबनं फळीवरून बोट फिरवलं. "हिरवा ठिपका, ते इहिरीचं गाव. पिवळा, तिथं कुंभार ऱ्हात्यात. हा काळा, तिथं कुनी जात न्हाई. नवा शब्द आला की तहरीम पयलं इचारायची, अब्बा, ह्यो कोणत्या गावचा? गाव ठरलं की मंग त्याला नाक-डोळं. तवर त्याला शब्द म्हणायचा न्हाई."

हर्षालीनं मान डोलावली आणि लिहिलं: 'डबे = काल्पनिक गावे. सजावट.'

नवाबची बायको जहाँआराचाची चहा घेऊन आली आणि हर्षालीला डोळ्यांनीच आत बोलावून गेली. मोजायला ही पोरगी हवी होती ती नवाबला नाही, खरं तर तिला. ओट्यापाशी उभी राहून ती हळू आवाजात बोलली.

"ती वही बगितली ना? ती वही मला ऐकायची हाये."

"चाचा वाचून दाखवत नाहीत?"

"मीच म्हणले न्हाई कधी. सा वर्सं." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "तहरीम पयल्या बाळंतपणाला हितं आली. तिच्या सासरचे म्हणत होते भिवंडीला ऱ्हाऊ दे, मोठा दवाखाना हाये. ह्यांचंबी तेच म्हणणं. मी हट्ट धरला. म्हणले, पयलं बाळंतपण आईच्या हाताखाली व्हतं. रातच्याला रगत सुरू झालं. जीप मिळंस्तवर... पोरगी आन बाळ, दोगंबी."

चाचीनं ओट्यावरचं पातेलं उगाच सरकवलं.

"हे मला काय बोलले न्हाईत. एक शब्द न्हाई. पण सा महिनं माझ्याशी बोललेच न्हाईत. सकाळ झाली की वही घ्यायची आन त्या भाषेत लिवायचं. ती भाषा दोगांनाच यायची. एक गेली. म्हणजे जे मला बोलायचं व्हतं ते त्यात हाये. हाये ना? दोष दिला असंल तरी चालंल. पण आता पुण्याच्या डाक्टरांनी डोक्याचा फोटो काढला. म्हणत्यात, मेंदू झिजत चाललाय, हाये ते बी हळूहळू जाणार. मंग मला कोण सांगणार गं?"

हर्षालीनं त्या दिवशी परतीच्या एसटीत हिशेब मांडला. शेजारी बसलेल्या बाईनं विचारलं, "कोणत्या गावची गं तू?" "ओतूरची," म्हणून ती पुन्हा आकड्यांत शिरली.

आधी चाचणी घ्यायला हवी होती. पुढच्या खेपेला तिनं वेगवेगळ्या डब्यांतून पन्नास चिठ्ठ्या उचलल्या, एक काढायची, नवाबला दाखवायची, अर्थ लिहायचा. नवाब आधी तिचा हात कोणत्या डब्यात आहे ते बघायचा, मग चिठ्ठी बघायचा, मग सांगायचा. कोरडी विहीर. घड्याचा कान. वाऱ्यानं उडून आलेलं परक्याचं धोतर. पन्नासपैकी पन्नास. खात्रीसाठी तिनं त्याच चिठ्ठ्या, त्याच डब्यांतून, दोन दिवसांनी पुन्हा काढल्या. सगळे अर्थ तेच आले. 'स्मरण उत्तम,' तिनं लिहिलं. 'प्रत्येक शब्दाला सरासरी चार सेकंद.'

अडचण एकच होती. तीस शब्दांनंतर नवाब थकायचा, पन्नास गाठेपर्यंत तर पेंगायला लागायचा. आठवड्याला तीन खेपा, खेपेला तीस, म्हणजे सगळ्या चिठ्ठ्यांना साडेदहा महिने. डॉक्टर काय म्हणाले होते ते पाहता साडेदहा महिने हातात नव्हते. मग नवाबच्या वहीतूनच विचारावं म्हणून तिनं पहिलं पान उघडलं. नवाब शब्द वाचायचा, उठायचा, फळीपाशी जायचा, झाकण उघडून चिठ्ठ्यांत बोटं घालायचा, नेमकी चिठ्ठी वर काढायचा आणि मग अर्थ सांगायचा. सहा शब्दांतच त्याचे गुडघे बोलायला लागले.

"चाचा, बसूनच सांगा ना. चिठ्ठी कशाला बघायला पाहिजे?"

"बघाया पाहिजे," नवाब म्हणाला. का, ते त्याला सांगता आलं नाही.

तिनं वहीतले वेगवेगळे शब्द मोजले. सातशे दोन. त्या सातशे दोन चिठ्ठ्या तेवढ्या हाताशी असल्या आणि नवाबला बसल्या जागी दिल्या, तर आठ आठवड्यांत काम होतं. पण चार हजारांतून त्या शोधायच्या तर आधी सगळ्या अक्षरक्रमानं लावायला हव्यात. घरी जेवताना तिनं हे सांगितलं तेव्हा भिमाजी म्हणाला, "लाव की. एक नंबर, दोन नंबर, गोल्टी. वखारीत कांद्याचं तेच करतो आपण."

संधी चालून आली. डिसेंबरात नवाबचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. घोडेगावला जहाँआराचाचीचा भाऊ होता, तिथं शिबिर होतं. दोघं आठ दिवस तिकडं गेली आणि चाचीनं किल्ली हर्षालीच्या हातात दिली.

"येत-जात ऱ्हा. उंदरांवर लक्ष ठेव."

हर्षाली रोज आली. सकाळच्या एसटीनं यायचं, संध्याकाळच्या एसटीनं जायचं. जमिनीवर चादर अंथरून तिनं एकेक डबा रिकामा केला, पंचवीस अक्षरांचे पंचवीस ढीग केले, ढिगांतले पोटढीग केले. चपलांची खोकी आणून त्यांत पुठ्ठ्याचे पडदे घातले. डबे किती लिटरचे, फळीवर कुठं, कुठल्या ठिपक्याचे, कोणत्या डब्यात किती चिठ्ठ्या, हे सगळं तिच्याकडं लिहिलेलं होतं. कोणती चिठ्ठी कोणत्या डब्यातली, हे नव्हतं. पाचव्या दिवशी सगळी झिरेती भाषा नऊ खोक्यांत अक्षरक्रमानं उभी होती आणि वहीतल्या सातशे दोन शब्दांपैकी सहाशे नव्वद शब्दांच्या चिठ्ठ्या वेगळ्या काढून झाल्या होत्या. डबे तिनं पोत्यात भरून माळ्यावर टाकले. इतकं नीट काम तिनं कॉलेजातही केलं नव्हतं.

नवाब आला तो डोळ्याला हिरवी पट्टी लावून. घरात शिरला, भिंतीकडं बघितलं, पट्टी वर केली, पुन्हा बघितलं.

"फळ्या कुणी मोकळ्या केल्या?"

"चाचा, सगळं लावलंय मी. आता उठायचं नाही. बसा." तिनं खुर्ची पुढं केली आणि सहाशे नव्वदांच्या खोक्यातली पहिली चिठ्ठी त्याच्या हातात दिली.

नवाबनं ती एका डोळ्यानं बघितली. उलटी केली. मागची कोरी बाजू बघितली. शब्द मोठ्यानं वाचला, अगदी बरोबर.

"कोणत्या गावचा?" त्यानं विचारलं.

"म्हणजे?"

"ह्यो कोणत्या गावचा?"

"ते... तुम्ही सांगा ना चाचा. अर्थ काय त्याचा?"

"गाव सांग, मंग सांगतो."

तिनं दुसरी दिली, तिसरी दिली. नवाब रागावला नाही. एसटी स्टँडवर अनोळखी माणसाकडं बघावं तसा तो चिठ्ठीकडं बघायचा, आदबीनं, आणि हळूच तिच्या हातात परत द्यायचा. तीस चिठ्ठ्या झाल्या. अर्थ एकीचाही लागला नाही.

हर्षालीला एकदम कॉलेजच्या मॅडमचे शब्द ऐकू आल्यासारखे झाले. वाळवलेलं रोप कागदाला चिकटवायच्या आधी ते कुठं उगवलं होतं ते लिहायचं. नाव नंतर मिळतं. जागा गेली की ते रोप नाही, पालापाचोळा. तीन वर्षं तिनं हे प्रत्येक कागदावर लिहिलं होतं. आणि ती चाचणी! दोन्ही वेळा चिठ्ठ्या त्याच्या डोळ्यांदेखत डब्यांतूनच काढल्या होत्या. एकदा, फक्त एकदा, पिशवीतून काढून दाखवल्या असत्या तर पन्नास चिठ्ठ्यांत कळलं असतं.

"चाची," ती म्हणाली, आणि काय झालं ते सांगितलं.

जहाँआराचाचीनं सगळं ऐकून घेतलं. "तू चांगल्यासाठीच केलंस गं," ती म्हणाली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं हर्षालीला वाटलं.

त्याच दिवशी तिनं माळ्यावरून डबे काढले आणि तिच्या नोंदीप्रमाणं फळ्यांवर जसेच्या तसे मांडले. नवाब खूश झाला. हिरव्या ठिपक्याचं झाकण उघडून त्यानं आत हात घातला आणि तसाच उभा राहिला. मग पिवळा उघडला. मग निळा.

"गावं हायेत," तो म्हणाला. "माणसं कुठं गेली सगळी?"

जानेवारीभर हर्षालीनं माणसं परत नेऊन सोडायचा प्रयत्न केला. भिंग घेऊन तिनं एकेक चिठ्ठी तपासली. काही चिठ्ठ्यांच्या कडांना डब्यातल्या जुन्या रंगाचा डाग लागलेला होता. अशा दोनशे त्रेसष्ट निघाल्या. पण लाल रंगाचे डबे पाच होते आणि डाग काही कोणता लाल ते सांगत नव्हता. मग तिच्या लक्षात आलं की वर्षानुवर्षं गोल डब्यात उभ्या राहून चिठ्ठ्या वाकल्या आहेत, लहान डब्यातल्या जास्त, मोठ्यातल्या कमी. तिनं कंपासपेटी आणली आणि वाक मोजायला बसली.

"काय मोजती?" नवाबनं विचारलं.

"वाक किती आहे ते, चाचा."

"माझ्या पाठीचाबी मोज." तो हसला आणि तिच्या शेजारी मांडी घालून बसला. थोड्या वेळानं म्हणाला, "तू कोणत्या गावची गं, पोरी?"

"ओतूरची. भिमाजींची हर्षाली."

"हां, हां. पिकअप." आणि पुन्हा पंधरा मिनिटांनी, "तू कोणत्या गावची?"

वाक मोजून चिठ्ठ्यांचे तीन गट पडले. लहान डब्यांतल्या, मधल्या, मोठ्या. त्यापुढं रस्ता नव्हता. एक लिटरचे बावीस डबे होते आणि बावीसही डब्यांनी कागदाला सारखाच वाक दिला होता. डागांवरून आणि अंदाजानं जेवढ्या चिठ्ठ्या डब्यांत गेल्या, त्यातल्या एक्केचाळिसांचे अर्थ नवाबनं सांगितले. हर्षालीनं ते पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं लिहिले. आठवड्यानं तिनं त्याच चिठ्ठ्या, त्याच डब्यांतून पुन्हा दाखवल्या. तेहतीस. त्याच्या पुढच्या आठवड्यात चोवीस. आता कोणतं तिच्यामुळं गेलं आणि कोणतं तसंही जाणार होतं, हे वेगळं काढता येत नव्हतं. तिनं तसा तक्ता करून बघितला, मग फाडून टाकला.

घरी भिमाजीनं विचारलं, "झाली का वर्गवारी?"

"झाली, आप्पा."

"मंग तोंड का असं?"

तिनं ताट पुढं ओढलं.

फेब्रुवारीत एका दुपारी जहाँआराचाचीनं स्टूल ओढून नवाबसमोर ठेवलं, वही त्याच्या हातात दिली आणि म्हणाली, "वाचा. मतलब ऱ्हाऊ द्या. नुसतं वाचा."

"मतलब न्हाई येणार मला."

"न्हाई तर न्हाई. आवाज तर येईल."

नवाबनं चष्मा चढवला आणि वाचायला सुरुवात केली. कुठंही न अडखळता. अक्षरं त्याचीच होती, ती त्याला दिसत होती, तोंडातून बरोबर उमटत होती. ओठ न मिटता येणारी ती भाषा खोलीत वारा सुटावा तशी चालू झाली, आणि त्याच्या चेहऱ्यावर त्यातलं काहीच उमटत नव्हतं. एखादी पाटी रंगवताना तो ज्या लक्षानं अक्षर बघायचा, त्याच लक्षानं तो वाचत होता. हर्षाली पेन्सिल घेऊन बसली होती. दोन पानांत तिला फक्त तीन ओळी लागल्या. वारा पडला आहे. हाताशी असलेलं दार उघडं आहे. विहिरीवर कुणी नाही. त्यापुढं आणि मागं काय होतं, ते माहीत नाही.

तिसऱ्या पानावर चाचीनं एकदम हात वर केला.

"थांबा. आत्ता काय म्हणलात?"

नवाबनं ती ओळ पुन्हा वाचली. त्या सगळ्या अनोळखी आवाजात एक आवाज ओळखीचा होता. जहाँआरा. त्यात ओठ मिटायचं एकही अक्षर नाही, म्हणून झिरेतमध्येही ते नाव तसंच राहिलं होतं.

"माझं नाव हाये." चाची हर्षालीकडं वळली. "काय लिवलंय माझं?"

हर्षालीनं ओळ बघितली. आजूबाजूच्या नऊ शब्दांपैकी एकही तिला येत नव्हता. नवाबनंही बघितली. मग बायकोकडं बघून त्यानं खांदे उडवले आणि ओशाळून हसला.

"अहो, तुमीच लिवलंय ना! शिव्या हायेत का काय हाये?"

"लिवलं असंल," तो म्हणाला. "मी कशाला शिव्या देईन तुला?"

"तेच तर इचारतीये. सा वर्सं तेच इचारतीये मनात." तिचा आवाज चिरकला. नवाबनं घाबरून वही तिच्या मांडीवर ठेवली, जसं काही तिचं होतं ते तिला दिलं. तिला तर ते अक्षरही वाचता येत नव्हतं. तिनं ती उलटीच धरली होती. हर्षालीनं पुढं होऊन सरळ करून दिली.

बाहेर गल्लीत कुणीतरी मोटारसायकलला किका मारत होतं.

"पोरी, तू शिकलेली हायेस," चाची शेवटी म्हणाली. "कायतरी तर सांगता येईल ना?"

"काय लिहिलंय ते नाही सांगता येणार, चाची." हर्षालीनं पेन्सिल उचलली. "तुमचं नाव किती वेळा आहे, ते सांगता येईल."

"तेवढं सांग मंग."

"मोजू?"

"मोज. आन तिचंबी मोज."

हर्षालीनं दोन दुपारी घेतल्या. तहरीमचं नाव वहीत तहरीन असं होतं, कारण झिरेतमध्ये म नव्हता. ते ओळखायला सोपं होतं. तिनं पहिल्या दिवशी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मोजलं आणि प्रत्येक पानाचा आकडा वेगळा लिहिला. दुसऱ्या दिवशी शेवटच्या पानापासून पहिल्या पानापर्यंत मोजलं. दोन्ही बेरजा जुळल्या. मग ती आत गेली. चाची ओट्यापाशी पाठमोरी उभी होती आणि वळली नाही. हर्षालीनं कागदावरचं वाचून दाखवलं.

पानं ब्याण्णव. तहरीम दोनशे अकरा वेळा. जहाँआरा तीनशे चार वेळा.